थंडीत फर्मेंटर उबदार कसा ठेवायचा

थंडीतली माझी पहिली बिअर १.०२२ गुरुत्वावर अडकली. (गुरुत्व म्हणजे पाण्याच्या मानाने बिअरची घनता; साखर आंबत जाते तसं ते उतरतं.) रेसिपीप्रमाणे ती १.०११ च्या आसपास थांबायला हवी होती. खोलीत मी रोज संध्याकाळी हीटर लावत होतो आणि भिंतीवरचं थर्मामीटर २० अंश दाखवत होतं, त्यामुळे तापमानाबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं. सगळा दोष यीस्टच्या पाकिटाला दिला. दुसरं पाकीट आणून ओतलं, तेही गप्प. मग एका पहाटे पाणी प्यायला उठलो आणि जाता जाता फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबते त्या बादलीला, हात लागला. गार! बॅटरी मारून बादलीवरची तापमान दाखवणारी चिकटपट्टी पाहिली, तर १३ अंश. हीटर रात्री साडेदहाला बंद व्हायचा, पहाटेपर्यंत खोली ११-१२ वर यायची आणि बादली उघड्या फरशीवर बसलेली. संध्याकाळी तापायची ती फक्त हवा. वीस लिटर बिअर त्या चार तासांत जेमतेम एखादा-दीड अंश वर चढायची आणि रात्रभरात तेही घालवून बसायची.

म्हणून खोली तापवण्याबद्दल इथे फारसं काही नाही. बादलीची ऊब बादलीपाशीच कशी टिकवायची, आणि ती कमी पडलीच तर मोजून कशी द्यायची, एवढाच विषय आहे. आकडे २० लिटरच्या बॅचचे आहेत. डोळ्यांसमोर बिअर असली तरी सायडर (सफरचंदाची), मीड (मधाची) किंवा वाइनलाही हीच व्यवस्था चालते, फक्त तापमानाचा आकडा बदलतो.

आधी यीस्टचं म्हणणं ऐका

बिअरचे ढोबळ दोन प्रकार: उबेत आंबणारी एल आणि गारव्यात आंबणारी लागर. बहुतेक एल यीस्ट १८ ते २२ अंशांत खुशीत असतं. सेझों या बेल्जियन बिअरची काही यीस्ट २४ ते ३० मागतात. नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक तर ३० ते ४० मध्येही शांतपणे काम करतं. याउलट लागरचं यीस्ट ९ ते १३ मध्ये रमतं, तेव्हा लागर करणाऱ्याला थंडी ही पर्वणीच. पाकिटावर तापमानाचा पल्ला छापलेला असतो. तो बिअरच्या तापमानाचा असतो, खोलीच्या नव्हे.

गारठ्यात यीस्ट मरत नाही, आळसावतं. सुरुवातीला फेस यायला बारा-पंधरा तासांऐवजी दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात वर्टमध्ये, म्हणजे अजून न आंबलेल्या गोड काढ्यात, भलत्या जंतूंना मोकळं रान मिळतं. पुढे तापमान अचानक उतरलं की यीस्टचे गुच्छ होऊन ते तळाशी बसतं, साखर शिल्लक राहते आणि गुरुत्व मध्येच अडकतं. तिसरी गोष्ट चवीची. आंबताना तयार झालेलं डायअॅसिटिल, म्हणजे तो लोण्यासारखा वास, आणि कच्च्या सफरचंदाची आठवण करून देणारं अॅसिटाल्डिहाइड, ही दोन्ही यीस्टच शेवटी परत पोटात घेतं. ते आधीच झोपलं तर वास बिअरमध्येच राहतात.

माझ्या अनुभवात सलग १६ अंश परवडतात. दिवसा २१ आणि रात्री १४ ही ये-जा परवडत नाही. त्यामुळे स्थिर तापमान आधी साधायचं, नेमका आकडा नंतर.

थोडा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

वीस लिटर बिअर एक अंशाने तापवायला साधारण ८४ किलोज्यूल उष्णता लागते. २५ वॅटचा हीटिंग बेल्ट लावला आणि काहीही उष्णता वाया गेली नाही असं धरलं, तरी एका अंशाला ५६ मिनिटं लागतात. थंड पडलेली बिअर पाच अंश वर आणायची तर अख्खा दिवस जातो, कारण प्रत्यक्षात बरीच ऊब बाहेर पळते.

किती पळते? वीस-पंचवीस लिटरच्या बादलीचा सगळा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास भरतो. खोली बिअरपेक्षा ८ अंशांनी थंड असेल, तर उघड्या बादलीतून २० ते २५ वॅट निघून जातात. म्हणजे तो बेल्ट दिवसरात्र जळून बिअर आहे तिथेच धरून ठेवतो, वर चढवत नाही. त्याच बादलीला सगळीकडून अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम लावला की तोटा ५ वॅटवर येतो.

आता दुसरी बाजू. साखर आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. साध्या ताकदीच्या बिअरमध्ये एकूण जेवढी उष्णता सुटते, ती सगळी आत कोंडता आली तर बिअर जवळजवळ ११ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात ती तीन-चार दिवसांत हळूहळू सुटते, म्हणून सरासरी ३ ते ४ वॅट आणि ऐन भरात त्याहून जास्त. म्हणजे नीट गुंडाळलेल्या बादलीत ऐन आंबवणीच्या दिवसांत यीस्ट स्वतःची शेकोटी स्वतःच पेटवतं. तुमच्या हीटरची खरी गरज दोनदाच पडते: यीस्ट टाकल्यापासून फेस येईपर्यंत, आणि जोर ओसरल्यावर. घोळ नेमका याच दोन वेळी होतो, कारण मधल्या दिवसांतलं तापमान बघून माणूस निर्धास्त झालेला असतो.

लहान भांड्यांचं गणित वेगळं. पाच लिटरच्या बरणीला आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती भराभर गार होते. अशा चार बरण्या असतील तर एकमेकींना चिकटवून, सगळ्यांना मिळून एकच पांघरूण घाला.

पहिलं काम: दोन रात्री नुसतं मोजा

काहीही विकत घेण्यापूर्वी कमाल-किमान नोंदवणारं थर्मामीटर जिथे फर्मेंटर ठेवणार तिथे, फर्मेंटरच्या उंचीवर ठेवा. भिंतीवर नको, टेबलावरही नको. जमिनीलगतची हवा डोक्याच्या उंचीच्या हवेपेक्षा सहज दोन-तीन अंशांनी थंड असते. दोन रात्रींत सगळ्यात खाली किती गेलं ते टिपून ठेवा. तुम्हाला हवं ते तापमान वजा हे किमान तापमान, हाच तुमचा खड्डा. खड्डा ४-५ अंशांचा असेल तर जागा बदलून आणि गुंडाळून भागेल. ८-१० चा असेल तर हीटर लागेल. त्याहून खोल असेल तर बंद पेटीशिवाय पर्याय नाही.

फर्मेंटरवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी स्वस्त आणि मस्त असते, पण उघड्यावर ती बिअर आणि खोली यांच्या मधलं काहीतरी दाखवते. पट्टीवर फोमचा तुकडा चिकटवा आणि बघायच्या वेळी तेवढा उचला. मग आकडा बराच खरा येतो.

जागा

घराच्या आतल्या बाजूचं कपाट उत्तम. बाहेरच्या भिंतीला टेकलेला कोपरा, खिडकीखालची जागा आणि दाराची फट या तिन्ही जागा टाळा. फरशी तर सगळ्यात वाईट, ती खालून ऊब शोषत राहते. खाली लाकडी फळी आणि तिच्यावर जाड फोम ठेवा. व्यायामाची जुनी चटई दुहेरी करून घातली तरी चालते. फर्मेंटर शक्यतो स्टुलावर चढवा. हवा जरा उबदार मिळते आणि नंतर बाटल्या भरताना सायफनही सोपा होतो. भरलेली बादली पंचवीस किलोची असते हे मात्र स्टूल निवडताना विसरू नका. आणि स्टुलावर आधी बादली चढवा, मग त्यात वर्ट ओता.

गुंडाळणं

पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब अडवतं. हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. पण १२ अंशांवर गार पडलेली, आंबणं थांबलेली बादली रजईत गुंडाळून ती आपोआप गरम होण्याची वाट बघणारे लोक मी पाहिलेत. गार बादलीवरची रजई गारवाच टिकवते.

बंद कणांचा फोम सगळ्यात चांगला, कारण तो ओला होत नाही आणि दबला तरी जाडी टिकवतो. चंदेरी थर असलेला बबल रॅप दोन-तीन वेढे मारून चालतो. जुनी रजई, गोधडी किंवा स्लीपिंग बॅगही चालते, पण फेस उसळून एअरलॉकमधून (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची छोटी नळी) बाहेर आला की ती बिअर पिते आणि आठवड्याभरात तिला असा वास येतो की घरातल्यांशी बोलणी सुरू होतात. कापड वापरत असाल तर आतून एक प्लॅस्टिकचा थर द्या. झाकणही झाका, फक्त एअरलॉक मोकळा ठेवा. लोक बाजू नीट गुंडाळतात आणि वरचं झाकण उघडं ठेवतात, तिथून बरीच ऊब निघून जाते.

उजेडाबद्दल लगेच सांगतो. काचेच्या बरणीला पांघरुणाचा दुसरा फायदा होतो. निळ्या आणि अतिनील प्रकाशात हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडवट द्रव्यं फुटतात आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखा उग्र वास येतो. जुन्या लोकांची साधा पिवळा बल्ब लावून पेटी गरम करायची युक्ती याच कारणाने मला पटत नाही. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर त्याच होल्डरमध्ये बसतो.

ऊब देण्याचे मार्ग

गरम पाण्याच्या बाटल्या. वीज नको, खर्च नको. दोन लिटरच्या बाटलीत ६० अंशांचं पाणी भरून ती पांघरुणाच्या आत, बादलीला टेकवून ठेवायची. ती २० वर येईपर्यंत साधारण ३३५ किलोज्यूल सोडते, म्हणजे सगळी उष्णता बिअरला मिळाली तर चार अंश. निम्मी जरी मिळाली तरी एका रात्रीचा खड्डा भरून निघतो. झोपताना एक आणि सकाळी एक. दहा दिवस हे न चुकता करायची तयारी असेल तर उत्तम, पण बहुतेकांची चौथ्या दिवशी संपते.

पाण्याचा टब. माझी पहिली पसंती याला. मोठ्या टबात फर्मेंटर ठेवायचा, बिअरच्या पातळीच्या अर्ध्यापर्यंत किंवा थोडं वर पाणी भरायचं आणि त्यात मासे पाळण्याच्या टाकीतला ५० ते १०० वॅटचा हीटर सोडायचा. पाणी सगळीकडून सारखी ऊब देतं, कुठेही चटका बसत नाही. शिवाय बाहेरचं वीस-तीस लिटर पाणी एकूण वस्तुमान वाढवतं, त्यामुळे दोन तास वीज गेली तरी तापमान फारसं हलत नाही. या हीटरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, पण त्याच्या डायलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन अंशांचा फरक नेहमीचाच. पाण्यात वेगळं थर्मामीटर टाकून डायल जुळवून घ्या.

टबाच्या दोन खोडी आहेत. उघड्या पाण्याची वाफ होते आणि ती ऊब घेऊन जाते, म्हणून पाण्यावर बबल रॅप तरंगत ठेवा. टबाबाहेरूनही फोम लावलात तर हीटर निम्माच वेळ चालतो. दुसरी खोड हीटरची. त्याची काच पाण्याबाहेर आली की तापते, आणि मग पाण्याला लागली की तडकते. हीटर बाहेर काढण्यापूर्वी प्लग काढायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. हा हीटर थेट बिअरमध्ये सोडायचा मोह होतो, तो टाळा. तो नीट निर्जंतुक होत नाही आणि यीस्ट त्याच्यावर करपतं. पाणी तापवायचा रॉड तर टबाजवळही आणू नका. तो हजार वॅटच्या पुढचा असतो आणि प्लॅस्टिकच्या टबाला टेकला तर टब वितळतो.

हीटिंग बेल्ट किंवा मॅट. बेल्ट २५-३० वॅटचा असतो आणि बादलीभोवती गुंडाळायचा असतो. तळाशी लावलात तर गाळात बसलेलं यीस्ट भाजतं, म्हणून खालून एक तृतीयांश उंचीवर बांधा. वर सरकवला की ऊब कमी लागते. बेल्ट स्वतःवर दुमडू नका, एकावर एक येऊ देऊ नका. जाड काचेच्या मोठ्या बरणीवर (कार्बॉयवर) एकाच पट्ट्यात ऊब देणं मला धोक्याचं वाटतं, काच असमान तापली की तडे जातात. तिथे मॅट बाजूने लावा किंवा टब वापरा. बेल्टसोबत स्वतःचा थर्मोस्टॅट बहुधा येत नाही. तो चालू म्हणजे चालूच, हे लक्षात ठेवा. पुढे कंट्रोलरचं बोलणार आहोत ते यासाठीच.

बंद पेटी. बिघडलेला फ्रिज टाकून देण्याआधी विचार करा. आत २५-४० वॅटचा छोटा हीटर आणि हवा फिरवायला संगणकातला जुना पंखा लावला की तो कुठल्याही थंडीला पुरून उरतो. फ्रिज चालू असेल तर उन्हाळ्यातही कामाला येतो. इथे चूक होते ती हीटर मोठा घेण्यात. पाचशे वॅटचा ब्लोअर पेटीत लावला तर बिअर एक अंश चढेपर्यंत हवा पन्नासवर जाते आणि बादलीचं प्लॅस्टिक मऊ पडतं. ऊब कमी आणि सावकाश, हेच बरं.

कंट्रोलर आणि त्याचा सेन्सर

इंकबर्ड आयटीसी-३०८ किंवा एसटीसी-१००० हे दोन प्रकार घरी बिअर करणाऱ्यांत सर्रास दिसतात. पहिल्याला प्लगची सोय तयार असते. दुसऱ्याचं वायरिंग स्वतः करावं लागतं, तेव्हा विजेचं काम येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तत्त्व एकच. सेन्सर तापमान मोजतो आणि ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की हीटरला वीज देतो.

हवं ते तापमान १९ ठेवा आणि फरक ०.५. म्हणजे १८.५ ला हीटर लागेल आणि १९ ला बंद होईल. फरक ०.१ ठेवून काही मिळत नाही. बिअर एवढ्या झपाट्याने बदलतच नाही, उगाच रिले टकटक करत बसतो.

सगळी गंमत सेन्सर कुठे लावता यात आहे. हवेत लोंबकळत ठेवला तर तो हवा मोजतो आणि ऐन आंबवणीत बिअर हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असू शकते. बादलीच्या बाजूला, बिअरच्या पातळीच्या मध्यावर, टेपने घट्ट दाबून चिकटवा आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा फोमचा जाड तुकडा बांधा. बेल्टपासून दूर, शक्यतो समोरच्या बाजूला. झाकणातून आत जाणारी स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, असेल तर उत्तमच.

आणि तो सुटणार नाही याची खात्री करा. एकदा माझा टेप दमट हवेने सुटला. सेन्सर गार फरशीवर जाऊन पडला आणि इमानदारीने १४ अंश दाखवत राहिला. कंट्रोलरने त्यावर विश्वास ठेवून पूर्ण रात्र आणि पुढचा दिवस हीटर चालू ठेवला. संध्याकाळी बादली उघडली तेव्हा बिअर ३१ वर होती. आंबवणीचा दुसराच दिवस, यीस्ट अगदी भरात. त्या बिअरला नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रावासारखा वास आला आणि एका ग्लासात डोकं दुखायला लागायचं. तेव्हापासून टेपवर एक लवचीक पट्टाही बांधतो आणि कंट्रोलरचा उच्च तापमानाचा अलार्म २४ वर ठेवतो.

विजेबद्दल आणखी दोन वाक्यं. ओल्या जागेची ही सगळी जोडणी आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच करा. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

पाण्याची रंगीत तालीम

बिअर करायच्या आधी फर्मेंटरमध्ये २० लिटर साधं पाणी भरून सगळी मांडणी चोवीस तास चालवा. त्यात एक थंड रात्र आली पाहिजे. पाण्यात बुडवलेलं थर्मामीटर आणि कंट्रोलरचा आकडा दर तीन-चार तासांनी टिपा. कंट्रोलर १९ म्हणतो आणि पाणी १७.५ असेल, तर सेन्सर बेल्टची ऊब मोजतोय. हीटर अखंड चालूनही पहाटे पाणी उतरत असेल, तर पांघरूण कमी आहे. मोठा हीटर घ्यायची घाई करू नका, आधी फोम वाढवा. पाण्यात यीस्टची स्वतःची ऊब नसते, म्हणून तालमीत जमलं की खऱ्या बिअरला जमणारच.

ही तालीम मी सोडून कधीच पुढे जात नाही. बाकी सगळ्यात कंजुषी चालेल.

यीस्ट टाकायचा दिवस आणि पुढे

थंडीत नळाचं पाणी गार असतं, त्यामुळे वर्ट थंड करताना बघता बघता १२-१३ वर जातं. १९ च्या आसपास आलं की थांबा. खाली घसरलंच तर यीस्ट टाकण्याआधी वर आणा, मग रात्रभर थांबावं लागलं तरी चालेल, झाकण मात्र घट्ट. यीस्टचा स्टार्टर (थोड्या वर्टमध्ये आधीच वाढवलेलं यीस्ट) केला असेल तर त्याच्यात आणि वर्टमध्ये पाच-सहा अंशांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर ते पहिल्याच पावलाला गारठतं. थंडी आहे म्हणून २६-२७ अंशांत यीस्ट टाकायचं आणि मग गार होऊ द्यायचं, ही उलटी युक्तीही नको. चवी बिघडवणारी जड अल्कोहोलं बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच तयार होतात.

पहिले तीन दिवस आकडा पल्ल्याच्या खालच्या अंगाला, एलला १८-१९. या दिवसांत कंट्रोलरचा दिवा फारसा लागणार नाही, यीस्टच तापवत असतं. बिअर २१-२२ वर चढायला लागली तर पांघरूण थोडं सैल करा. फेस ओसरू लागला आणि गुरुत्व शेवटच्या आकड्यापासून चार-पाच पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) वर असलं, की आकडा हळूच २०-२१ करा आणि तिथे तीन दिवस ठेवा. लागरलाही याच टप्प्यावर १६-१८ पर्यंत उचलतात, डायअॅसिटिल साफ करायला. थंडीत बिअर अडकते ती नेमकी इथे, कारण यीस्टची स्वतःची ऊब संपलेली असते आणि खोली खाली ओढत असते. दुसरं काही जमलं नाही तरी हे शेवटचे तीन दिवस सांभाळा.

एअरलॉकवर विसंबू नका. बिअर तापली की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १० अंशांवरून २० वर आणताना वीस लिटरमधून सहा-सात लिटर वायू निघतो, म्हणजे काहीही आंबत नसताना एअरलॉक दिवसभर बुडबुडत राहतो. उलट रात्री गार झाली की वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. त्यात निर्जंतुक द्राव किंवा उकळून गार केलेलं पाणीच भरा. आंबवण संपली की नाही याचा निकाल गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर देतो. तोही बहुधा २० अंशांना जुळवलेला असतो. १० अंशांच्या नमुन्यात तो एक-दोन पॉइंट जास्त दाखवेल, म्हणून नमुना हातात धरून कोमट करून घ्या.

अडकलीच तर

आधी तापमान पाहा, मग गुरुत्व, आणि यीस्टचं नवीन पाकीट शेवटी. बिअर दिवसाला दोन-तीन अंशांनी २०-२१ वर आणा. मग बादली झाकणासकट धरून हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. चमच्याने ढवळू नका, हवा मिसळली की बिअर लवकर शिळी होते. दोन-तीन दिवस थांबा. माझ्या त्या १.०२२ वाल्या बिअरने एवढ्यानेच १.०१२ गाठलं. नवीन पाकिटाचे पैसे वाया गेले ते गेलेच.

एवढं करूनही हालत नसेल तर ताजं यीस्ट थोड्या वर्टमध्ये जागं करून, ते जोरात फेसाळत असतानाच टाका. सुकं यीस्ट तसंच भुरभुरलं तर अल्कोहोल असलेल्या गार बिअरमध्ये ते उठतच नाही.

की यीस्टच बदलायचं?

खोली सहा महिने १२-१३ वर राहत असेल तर तिच्याशी दररोज भांडायची गरज नाही. नॉटिंगहॅमसारखं एल यीस्ट या तापमानातही काम उरकतं, फक्त वेळ घेतं. कोल्श आणि स्टीम बिअरची यीस्ट १५-१६ मध्ये छान चालतात. लागर तर आहेच. शेवटची दोन-तीन दिवसांची ऊब मात्र यांनाही लागते. एवढ्याशा वेळासाठी गरम पाण्याच्या बाटल्याही पुरतात.

बाटल्यांना विसरू नका

महिनाभर फर्मेंटरला जपलं आणि भरलेल्या बाटल्या गार गॅलरीत ठेवल्या, तर बिअर सपाट राहते. बिअरला फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात (तिला प्राइमिंग म्हणतात), तिची बाटलीतही पुन्हा आंबवणच व्हायची असते. त्यांना दोन आठवडे १८-२२ अंश द्या, त्याच पेटीत किंवा त्याच टबाच्या शेजारी, खोक्यात बंद करून. १५ च्या खाली हेच काम महिना-दीड महिना घेतं. बिअर तोवर सपाट लागते म्हणून पुढच्या बॅचला साखर वाढवायची, ही चूक थंडीत बरेच जण करतात. मग ऋतू बदलतो, खोली तापते आणि बाटल्या फुटायला लागतात. सर्वसाधारण एलला लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते.

याहून धोकादायक म्हणजे अडकलेली बिअर संपली समजून भरणं. गुरुत्वाच्या एका पॉइंटमागे लिटरला दोन-अडीच ग्रॅम साखर उरलेली असते. आठ पॉइंट शिल्लक असतील तर १६ ते २० ग्रॅम झाली, प्राइमिंगच्या साखरेच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून बिअर २० अंशांवर असताना तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आल्याशिवाय बाटली भरू नका. १२ अंशांवर सारखे आलेले आकडे यात धरायचे नाहीत, तिथे यीस्ट नुसतं झोपलेलं असतं.

प्रत्येक बॅचमध्ये एक बाटली मऊ प्लॅस्टिकची भरा आणि झाकण लावण्याआधी दाबून आतली हवा काढा. ती बाकीच्या काचेच्या बाटल्यांसोबतच ठेवायची आणि दर चार दिवसांनी बोटाने दाबून बघायची. दगडासारखी टणक झाली की काचेच्यांपैकी एक फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी उघडा.